ठसका न लागलेली दृष्ट

माकणीला निघालेली एक मुलगी धाराशिवच्या स्टँडवर मधेच उतरली आणि भलीमोठी बॅग घेऊन शिवप्रियाच्या जिन्यापाशी येऊन उभी राहिली, तेव्हा कमलबाई शेंगा सोलत होत्या.

शिवप्रियाचं ऑफिस भांड्यांच्या दुकानावर होतं. दारावर 'खासगी चौकशी' अशी पाटी होती. चौकशी बहुतेक लग्नाची. मुलगा पितो का, शेत खरंच बागायती आहे का, सासू कशी आहे. कमलबाईंनी शिवप्रियाला चौथीत शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्या रोज मदतीला म्हणून येत. मदत म्हणजे शेंगा सोलणं आणि जुन्या आठवणी सांगणं. शिवप्रिया दोन्ही गोष्टी चालवून घेई.

"ओळखलं का मॅडम? मी गायत्री. माझ्या लग्नाची चौकशी तुम्हीच केली होती. ईट गावातल्या घराची."

शिवप्रियानं खुर्ची पुढं सरकवली. "सिद्धारामअण्णांची सून. खव्याची भट्टी. काय झालं?"

"घर जळालं."

"आणि?"

"मी जाळलं म्हणतात."

कमलबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

गायत्रीनं पाणी पिऊन सांगायला सुरुवात केली. जवळच्याच वाशी गावातल्या एका लग्नाची खव्याची मोठी ऑर्डर होती. दोन दिवस भट्टी बंद झालीच नाही, एवढं काम त्या घरात आजवर कधी आलं नव्हतं. शेवटी एका दुपारी सगळा खवा उतरवून झाला. गायत्रीनं स्वतः भट्टीत पाणी ओतलं आणि घरातले सगळे जीपमधून खव्यासोबत लग्नाला गेले. कुलूप सासूनं लावलं, किल्ली तिच्याच कमरेला. दिवेलागणीला फोन आला, भट्टीवरचं मातीचं छत, माळवद, पेटलंय म्हणून.

"कुणाला लागलं का गं?" कमलबाईंनी विचारलं.

"नाही. पण भट्टीची खोली गेली. मामंजी म्हणतात, भट्टी नीट विझवली नाहीस. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणतात, पायगुणच तसा. दूध नासलं ते माझ्यामुळं, म्हैस लाथा मारते ती माझ्यामुळं. आईनं दिलेली वाकळ दोरीवरून गेली, तीपण मीच हरवली."

"कसली होती ती गोधडी?"

"आईच्या इरकली लुगड्याची. हिरवं, तांबड्या काठाचं."

कमलबाईंचे डोळे भरून आले. "आमच्या आईनं शिवलेली वाकळ अजून आहे माझ्याकडं. मोत्याच्या रांगेसारखे टाके. उन्हाळ्यात दुपारी साऱ्या बायका जमायच्या, चारही बाजूंनी चौघी बसायच्या. गाणी काय, चेष्टा काय. एकदा माझी मावशी बोलण्याच्या नादात स्वतःचा पदरच वाकळीत शिवून बसली..."

"बाई," शिवप्रिया म्हणाली, "आग."

"हो, आग. सांग बाळ."

"चार दिवस माहेरी राहून ये म्हणाले. पण बॅगेत स्वेटरसुद्धा भरून दिलाय. आता उन्हाळा तोंडावर आलाय, मॅडम. चार दिवसांसाठी कुणी स्वेटर देतं का?" तिनं बॅग पायाशी ओढली. "ही बॅग घेऊन माकणीत उतरले, की घर जाळून आलेली म्हणूनच उतरेन. माझी धाकटी बहीण लग्नाची आहे."

"नंदीश काय म्हणाला?"

"बॅग उचलून स्टँडपर्यंत आले. रडले. मग म्हशीच्या धारेची वेळ झाली म्हणून गेले."

शिवप्रियानं गाडीची किल्ली उचलली. "घर चांगलं आहे असं तुझ्या वडिलांना मीच सांगितलं होतं. आता मलाच बघावं लागेल. बाई, शेंगा घ्या. रस्ता लांब आहे."

*

ईटमध्ये पोचल्यावर पहिला घोळ शिवप्रियाचाच झाला.

"अगं बया! ही तर साडीवाली!" गिरिजाबाई, म्हणजे गायत्रीची सासू, ओट्यावरूनच ओरडली. "दिवाळीच्या आधी आलती. साडी एक विकली न्हाय, प्रश्न मात्र लई विचारले. दोनदा च्या पिऊन गेली!"

"चहा छान होता," शिवप्रिया शांतपणे म्हणाली. "म्हणून परत आले."

कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले सिद्धारामअण्णा पुढं आले. सून पुन्हा दारात दिसल्यावर त्यांचा चेहरा आंबट झाला. "हिला माकणीला पाठवलं होतं."

"ती आता माझी पक्षकार आहे. आग कुणी लावली ते सांगितलं, की आम्ही जाऊ. ती आमच्याबरोबर येईल की इथं राहील, ते तेव्हा ठरवा."

"चालतंय. सगळ्यांसमोर ठरवू. पण खोटं निघालं, तर आज हिला माकणीला तुमीच सोडायचं."

"सोडीन," शिवप्रिया म्हणाली. सगळं काही माहीत असल्यासारखं बोलायची या मुलीला चौथीपासून खोड होती.

घराचा पुढचा भाग धड होता. मागं भट्टीची खोली मात्र आकाशाला उघडी पडली होती. वरच्या तुळया जळून मोडल्या होत्या आणि त्यांच्यावर अंथरलेल्या तुरीच्या काड्या, म्हणजे तुराट्या, पांढऱ्या मातीचा जाड थर, सगळं खाली कोसळलं होतं. त्या ढिगाऱ्यातून विटांचं धुराडं तेवढं ताठ उभं होतं.

"बघा!" अण्णांचा ऊर भरून आला. "घर पडलं, पण धुराडं न्हाय पडलं. साऱ्या गावात एवढं उंच धुराडं दुसरं न्हाय. त्या बब्रुवानापेक्षा हातभर उंच!"

"बब्रुवान कोण?"

"पलीकडचा भट्टीवाला. माझा माल जास्त खपतो म्हणून जळतो. म्या तर म्हणतो..." ते सुनेकडं बघून थांबले.

कमलबाईंना तिथंच आरोपी सापडला. त्यांनी शिवप्रियाच्या दंडाला चिमटा काढला. तिनं लक्ष दिलं नाही. ती भट्टीजवळ बसली होती. भट्टीच्या शेजारी जळणाचा ढीग होता. भिजलेला, पण एकही लाकूड जळलेलं नव्हतं. कोनाड्यातल्या प्लास्टिकच्या बरण्यासुद्धा वितळल्या नव्हत्या.

"अण्णा, भट्टी विझली नसती, तर आधी हे जळण पेटलं असतं," ती म्हणाली. "आग खालून वर गेलेली नाही. वरून खाली आली."

"म्हंजे बब्रुवानानं वरून टाकली!"

शिवप्रिया धुराड्याला पडलेली भेग बघत होती. तिनं आपली चार बोटं भेगेत घातली आणि बाहेर काढून पदराला पुसली. बोटांची टोकं काजळीनं काळी झाली होती.

मग ती ढिगाऱ्यावर चढली. वर धुराड्याभोवती बसवलेली पत्र्याची चकती वाकडी होऊन पडली होती. ती उचलून तिनं खालून एक काळा, चपटा गोळा काढला आणि कमलबाईंकडं हात केला. "बाई, शेंगांचा डबा द्या."

"अगं, त्यात शेंगा आहेत!"

"खा मग."

कमलबाईंनी गोळा नीट न्याहाळला. बाहेरून कोळसा, पण कडेला घडीवर घडी दिसत होती. "करपलेली पुरणपोळी दिसते," त्या म्हणाल्या.

"एवढी जाड?"

"गिरिजाबाईंच्या हातची असेल," कमलबाई हळूच म्हणाल्या. चहा त्यांना अजून मिळाला नव्हता.

*

शेजारच्या माळवदावर इरम्मा शेवया वाळत घालत होती. ही अण्णांच्या चुलतभावाची बायको, माहेर कर्नाटकातलं, आळंदकडचं. दोन्ही माळवदं एकमेकांना लागून होती, मध्ये गुडघ्याएवढा कठडा. गायत्री, शिवप्रिया आणि धापा टाकत कमलबाई तिच्याकडं वर गेल्या.

"आगीचं काय सांगू, अय्यो शिवा!" इरम्मा विचारायच्या आधीच सुरू झाली. "आदल्या दिवसापासनं वास येत हुता. चिंध्या जळल्याचा. म्या म्हणलं, गिरिजा सुनेची दृष्ट काढती. नवी नवरी, त्यात मोठी ऑर्डर, लोकांचे डोळे काय चांगले असतेत व्हय? आन् दृष्ट तरी कसली! रातभर वास, दुसऱ्या दिवशी पण वास, पण ठसका म्हणून न्हाय!"

"बाई गं!" कमलबाईंनी गालावर हात ठेवला. "म्हणजे जबरच दृष्ट."

"तर काय! गल्लीत साऱ्याजणी हेच म्हणल्या. ठसका लागला न्हाय, म्हंजे नजर लई वाईट."

कमलबाईंना त्यांच्या धाकट्या भावाची दृष्ट आठवली. मीठ, मोहरी, मिरच्या, दाराची माती, सगळं निखाऱ्यावर पडायचं आणि कुणालाही शिंकसुद्धा यायची नाही. त्या ते सांगणार होत्या, पण शिवप्रियानं विचारलं, "गिरिजाबाईंचं सुनेशी कसं आहे?"

इरम्मानं खाली नजर टाकली. "पयल्यांदा लई बोलायची बघ. म्या हितं बसले की सगळं ऐकू यायचं, अगदी मांडीला मांडी लावून बसल्यागत. 'मीठ किती टाकलंस, पदर कुठं गेला, तुझ्या आईनं हेच शिकवलं का?' पण संक्रांतीपासनं एक शबुद न्हाय. देवमाणूस झाली. म्या साऱ्या गल्लीला सांगितलं, गिरिजा सुधारली. सुधारली आन् घर जळालं! चांगल्याचं दिवस न्हाईत."

कमलबाईंनी गायत्रीकडं पाहिलं. पाढा चुकीचा म्हणणाऱ्या शेजारच्या मुलीकडं हुशार मुलगी बघते, तसं ती इरम्माकडं बघत होती. पण सासरच्या रीतीनं गप्प होती.

*

बब्रुवानची डावी मिशी होती. उजवी नव्हती.

"इझवताना गेली," तो खेदानं म्हणाला. "पयला धावलो तो म्या. बादल्या म्या नेल्या. आन् आता सिद्धाराम म्हणतोय म्याच आग लावली. लावणारा स्वतःची मिशी घालवतो व्हय? पाच वर्सं राखली हुती."

कमलबाईंचा आरोपी हातचा गेला. तरी त्यांनी चिकाटीनं विचारलं, "पण त्याचं धुराडं तुमच्यापेक्षा उंच आहे, याचा राग येत नाही?"

"राग न्हाय, कोडं पडतंय. एकाच ट्रॅक्टरमधनं विटा आणल्या आमी. निम्म्या त्याच्या, निम्म्या माझ्या. गवंडी एकच. माझ्याकडनं काम उरकून तो तिकडं गेला. मग त्याचं हातभर उंच कसं झालं? विटा काय व्याल्या?"

शिवप्रिया हसली. "तुमचं धुराडं बघू?"

ती माळवदावर गेली. कमलबाई खालीच भट्टीपाशी बसल्या, कारण बब्रुवानच्या बायकोनं गरम पेढा दिला होता. तो खाताखाता त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "पेढा बरा आहे, पण साखरेला हात आखडलाय."

"बाई, फुकटचा आहे. नावं ठेवू नका," छतातून आवाज आला.

कमलबाईंच्या हातातून पेढा पडला. बब्रुवानची बायको पदर तोंडाला लावून हसू लागली.

"ती धुराड्याच्या कडंची फट हाय," बब्रुवाननं वर बोट दाखवलं. "गवंड्यानं चारी बाजूंनी वीतभर मोकळी सोडलीय, लाकडाला आच लागू नये म्हणून. पाऊस येऊ नये म्हणून वर पत्रा, तोबी जरा उचलून बसवलेला. आमच्यात भांडण झालं की आमी गोठ्यात जातो."

शिवप्रिया जिन्यावरून उतरली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. कमलबाईंना तो चेहरा माहीत होता. चौथीत गणित सुटलं, की ती अशीच दिसायची. बाकी वर्ग अजून आकडे उतरवून घेत असायचा. त्यात पुष्कळदा बाईसुद्धा असायच्या.

"बाई, सगळ्यांना अंगणात बोलवा. आणि थोडे निखारे, मूठभर वाळल्या मिरच्या."

*

आपल्या अंगणात बाजेवर अण्णा बसले. गिरिजाबाई दाराच्या चौकटीला टेकली. नंदीश गोठ्याच्या दारातून निम्मा बाहेर, निम्मा आत. बब्रुवान अर्ध्या मिशीवर हात धरून उभा होता आणि इरम्मा कठड्यावरून वाकली होती. गायत्री आपल्या बॅगेशेजारी उभी होती. बॅग अजून बाहेरच होती.

शिवप्रियानं निखाऱ्यांवर मिरच्या टाकल्या.

आधी अण्णा खोकले. मग बब्रुवान, मग सगळेच. गोठ्यात म्हैस शिंकली. वरून इरम्मा ओरडली, "इझवा की ते! मारता का आता?"

"हा झाला ठसका," डोळे पुसत शिवप्रिया म्हणाली. "तुमच्या गल्लीला आदल्या दिवसापासून जळका वास येत होता आणि ठसका लागत नव्हता. सगळ्यांनी ठरवलं, दृष्ट जबर आहे. मी म्हटलं, ठसका लागला नाही, कारण मिरच्याच नव्हत्या. गिरिजाबाई, तुम्ही सुनेची दृष्ट काढली होती?"

"म्या? हिची?" गिरिजाबाई म्हणाली आणि जीभ चावून गप्प झाली.

"नाही काढली. मग वास कशाचा? नुसत्या कापडाचा. भट्टी पेटलेली असताना कुठंतरी कापड आतल्या आत धुमसत होतं. जाड सुती कापडाला ज्वाला लगेच येत नाही. ते तासन्‌तास धुमसतं, भट्टी विझली तरी विझत नाही. तुम्ही कुलूप लावून वाशीला गेलात, तेव्हा आग घरातच होती. माळवदाच्या पोटात. गायत्रीनं भट्टीत पाणी ओतलं, ते खरंच आहे. आग भट्टीत नव्हतीच."

"माळवदात कापड कुठनं येतंय?" अण्णा म्हणाले.

"इरम्मा सांगतील. त्यांना आधी खालचं सगळं ऐकू यायचं. बब्रुवानांच्या माळवदावर मलाही ऐकू आलं, आमच्या बाईंनी पेढ्याला नावं ठेवलेली."

बब्रुवानच्या बायकोनं कमलबाईंकडं पाहिलं. कमलबाईंनी आभाळाकडं पाहिलं.

"धुराड्याभोवती गवंडी फट सोडतो, तिच्यातून. मग संक्रांतीपासून इरम्मांना ऐकू येईनासं का झालं? त्या म्हणतात, गिरिजाबाई सुधारल्या. गायत्री, सुधारल्या का?"

गायत्रीनं खाली बघत मान हलवली. आडवी.

"म्हणजे बोलणं चालूच होतं. बंद झाली होती ती फट."

शिवप्रियानं डबा उघडला. काळा गोळा हातात घेऊन तिनं त्याच्या घड्या एकेक करून उकलल्या. बाहेरचा कोळसा गळून पडला. अगदी आतल्या घडीत, आगीला पुरती न सापडलेली, बोटभर रुंदीची पट्टी निघाली. हिरवी. तिच्या कडेला तांबडा काठ आणि काठावर बारीक टाक्यांची रांग.

गायत्रीनं पुढं येऊन ती पट्टी हातात घेतली. "आईचे टाके आहेत," ती एवढंच म्हणाली.

ह्यालाच आपण पुरणपोळी म्हणालो, याची कमलबाईंना लाज वाटली.

"म्या काय जाळायला घातली न्हाय!" गिरिजाबाई एकदम रडायलाच लागली. "ही इरम्मा दिसभर वर बसायची. घरात सुनेला एक शबुद बोलावं, तर संध्याकाळी साऱ्या गल्लीत! माझी अब्रू चालली हुती. म्हणलं, फट बुजवावी. दोरीवर हाताला लागली ती घेतली. जाड हुती, चांगली बसली."

"आत्याबाई," गायत्री म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती सगळ्यांसमोर बोलत होती. "बोलणं जरा कमी केलं असतं, तरी चाललं असतं की."

आधी बब्रुवान हसला. मग इरम्मा. मग गल्लीतून वाकून बघणाऱ्या बायका. गिरिजाबाईनं पदरात तोंड लपवलं.

अण्णा बाजेवरून ताडकन उठले. "म्हंजे ह्या बाईनं माझं घर जाळलं!"

"बसा अण्णा, तुमची पाळी आहे," शिवप्रिया म्हणाली. "फटीत वाकळ घालणं चूकच. पण धुराडं धड असतं, तर कदाचित तिला एवढी आच लागली नसती. विटा बब्रुवानांएवढ्याच, तरी तुमचं धुराडं हातभर उंच. त्यांना हे कोडं पडलंय. तुम्ही सोडवता, की मी सोडवू?"

अण्णा पुन्हा बसले.

"भिंतीत मी चार बोटं घातली आणि पलीकडची काजळी हाताला लागली. वीट आडवी रचली असती, तर माझी बोटं पलीकडं पोचली नसती. तुम्ही गवंड्याकडून विटा उभ्या, कडेवर रचून घेतल्या. त्यामुळं उंची वाढली आणि भिंत पापडासारखी पातळ झाली. दोन दिवसांच्या जाळानं ती तडकली, आणि तडकली तीही नेमकी वाकळीशेजारी. तिथून तुराट्या, तुराट्यांवरून तुळई."

"गवंडी नको म्हणत हुता," अण्णा पुटपुटले. "म्या म्हणलं, धूर काय भिंतीची जाडी बघून वर जातो व्हय?"

"आरं सिद्धारामा!" बब्रुवान कळवळून म्हणाला. "हातभर उंचीपायी? माझी मिशी गेली की रं!"

तेवढ्यात गोठ्याच्या दारातला नंदीश पुरता बाहेर आला. त्यानं गायत्रीची बॅग उचलली. कमलबाईंना वाटलं, हा परत स्टँडकडं निघाला. पण तो वळला आणि घरात गेला. क्षणभरानं आतून त्याचा आवाज आला, "गायत्री, सवेटर कुठल्या खुंटीला अडकवू?"

अण्णांनी घसा साफ केला. सुनेकडं न बघता ते म्हणाले, "पोरी, पाव्हण्यांना च्या टाक." मग जरा थांबून, "न्हाय, तू बस. गिरिजा टाकंल."

*

श्रावणात कमलबाई पुन्हा ईटला गेल्या. पेढे आणायला, असं त्यांनी सांगितलं. बरोबर त्यांनी स्वतःच्या आईची मोत्यांसारख्या टाक्यांची वाकळ नेली होती. ती त्यांनी गायत्रीच्या मांडीवर ठेवली आणि तिनं नको म्हणायच्या आत दुसरा विषय काढला.

नवं धुराडं जाड भिंतीचं होतं आणि बब्रुवानपेक्षा वीतभर बुटकं. बब्रुवानची उजवी मिशी निम्म्यापर्यंत आली होती. धुराड्याभोवतीची फट चारी बाजूंनी मोकळी होती, आणि ती मोकळी आहे ना हे अण्णा रोज सकाळी पूजेनंतर स्वतः वर जाऊन बघत.

इरम्मा माळवदावर फटीजवळ पाट टाकून बसली होती, तोंड पाडून.

"काय झालं इरम्मा?"

"काय हुतंय! फट उघडी हाय, कान चांगला हाय, पर आता भांडणच न्हाय. दोघी हळूहळू बोलतेत आन् हसतेत. कधीमधी एखादा शबुद कळतो."

"काय बोलतात?"

इरम्मानं शेवयांची ताटली कमलबाईंपुढं धरली. "तुमीच सांगा बाई. खरं सांगा. दोघी म्हणतेत, ह्या सुतळीसारख्या हायत. दिसतेत व्हय?"

कमलबाईंनी शेवया पाहिल्या. खाली गिरिजाबाई आणि गायत्री एकदमच हसल्या आणि ते हसू फटीतून अगदी स्पष्ट वर आलं.

"नजर लागली असेल," कमलबाई म्हणाल्या. "मिरच्या आहेत का घरात?"